थांबण्याची अट

मेंदूत उसळी बसवल्यापासून आईला एकदाही झटका आला नव्हता. सुरुवातीला ही बातमी केतकी बोकीलने ज्याला त्याला सांगितली. खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंना सांगितली, बंगळुरूच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांना फोन करून सांगितली, कोर्टाच्या बाररूममधून आईची चौकशी करायला आलेल्या वकिलांना तर कंदी पेढे देऊन सांगितली. आता कुणी विचारलं, की ती "बरंय" म्हणायची आणि विषय बदलायची.

कारण आई तिथेच, बाल्कनीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेली असायची.

"कौस्तुभ आला का गं?"

"नाही, आई."

"कुठे असेल?"

"माहीत नाही."

"कुणाला माहीत असेल? गावातल्या माणसांना. त्यांनी त्याला जाताना पाहिलं. कुठे जाताना? कड्याकडे. कड्याकडे गेलेला माणूस परत त्याच वाटेने येतो. मग यायला हवा होता. कौस्तुभ आला का गं?"

आवाजात रडं नाही, राग नाही. दूधवाला येऊन गेला का, हे विचारावं इतक्या साध्या सुरात ती विचारत होती. समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन चढत होतं. चहाच्या कपावर साय धरली होती, पण कप उचलायची तिला आठवण नव्हती. केतकीने कप तिच्या हातात दिला, तेव्हा ती प्यायली. पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "कौस्तुभ आला का गं?"

ॲडव्होकेट शैलजा बोकील ही एकेकाळी साताऱ्याच्या कोर्टात दबदबा असलेली बाई. उलटतपासणीत बोकीलबाई उभ्या राहिल्या, की साक्षीदाराच्या घशाला कोरड पडते, असं लोक म्हणत. ती कधी आवाज चढवत नसे. साक्षीदार जे बोलेल तेच उचलायचं आणि त्यातूनच पुढचा प्रश्न काढायचा, एवढंच तिचं तंत्र. घरातही तीच तऱ्हा होती. पोरं शाळेतून उशिरा आली, तर मारायची नाही, नुसती विचारायची. कौस्तुभ म्हणायचा, "त्यापेक्षा दोन थपडा दे, सुटतो तरी."

कौस्तुभ धाकटा. डोंगरांचं वेड. चार वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर तो कोयनेपलीकडच्या जंगलात घोणसकडा बघायला म्हणून एकटा गेला. पायथ्याच्या वाडीत त्याची मोटरसायकल सापडली. फोन लागला नाही. पोलीस, वनखात्याची माणसं, दोर घेऊन दरीत उतरणारी पोरं, ड्रोन, सगळं झालं. हाताला काही लागलं नाही. बूट नाही, पिशवी नाही, काहीच नाही. माणूस मेला तर निदान तेरावं घालता येतं. इथे तेही नाही.

आणि पुढच्या पावसाळ्यात तो साथीचा ताप आला.

त्या तापाने माणसं फारशी दगावली नाहीत. बहुतेक जण आठवड्यात उठून कामाला लागले. काही थोड्यांच्या मेंदूत मात्र तो एक विचित्र खोड ठेवून गेला. डॉक्टर तिला आवर्तदोष म्हणत.

ही खोड समजायला स्वयंपाकघरात जायला हवं. आपण पोळी लाटत असतो, तेवढ्यात दूध वर येतं. पोळी अर्धी सोडून दुधाकडे धावतो, तर दारावरची बेल वाजते. दूध तसंच ठेवून दार उघडतो. दारातलं काम संपलं, की दुधाकडे येतो आणि दूध संपलं, की पोळीकडे. अर्धवट राहिलेली प्रत्येक गोष्ट मेंदू ताटांच्या चळतीसारखी एकावर एक ठेवतो आणि वरून एकेक उचलत खाली येतो. निरोगी माणसाची चळत काही उंच होत नाही. आवर्तदोषात मात्र एका विचारातून तसाच दुसरा निघतो, त्यातून तिसरा, आणि वरचा संपल्याशिवाय खालचा हलत नाही. चळत चढत जाते. मेंदूतली जागा संपते. मग ताटं कोसळतात आणि माणूस डोळे फिरवून जमिनीवर पडतो.

केतकीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचं अर्धं आयुष्य यातच गेलं होतं. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एखादं काम स्वतःलाच बोलावतं, ते परत स्वतःला बोलावतं, दर वेळी चळतीवर एक ताट चढतं आणि जागा संपली, की प्रोग्रॅम मरतो. तिच्या धंद्यात ही रोजची सर्दी होती. त्यावरचं औषधही सगळ्यांना ठाऊक होतं.

औषध असं. कामाने स्वतःला बोलवायचंच नाही. आपल्या वाट्याचा एक तुकडा करायचा, पुढे काय करायचं याची एक चिठ्ठी लिहायची, ती मुकादमाच्या हातात द्यायची आणि आपण संपून जायचं. मुकादम म्हणजे बाहेर बसलेला एक साधा लहानसा फेरा. तो चिठ्ठी वाचतो, पुढचा तुकडा करवून घेतो, नवी चिठ्ठी घेतो. चिठ्ठी आहे? चालू दे. चिठ्ठी आहे? चालू दे. काम कितीही खोल असो, चळतीवर कधीही एकच ताट. दर वेळी वर उडायचं, परत जमिनीला पाय टेकायचे आणि पुन्हा उडायचं. सर्कशीतल्या ताणलेल्या जाळीवर पोरं उड्या मारतात, तसंच. म्हणून प्रोग्रॅमरांनी या युक्तीला ट्रॅम्पोलीन नाव दिलं. केतकीने मेंदूसाठी त्याचं नाव ठेवलं उसळी.

कल्पना तिची आणि सुया, शस्त्रक्रिया, मेंदू हे सगळं डॉ. शाहीन इनामदारांचं. इनामदार मिरजेच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या आणि फटकळ. मेंदूत केसाएवढ्या तारा बसवून एखादा विचार चळतीवर चढायच्या आत टिपायचा आणि पुढच्या विचाराची खूण तेवढी ठेवून जुना सोडून द्यायचा, हे त्यांनी जमवून दाखवलं. पहिले पेशंट बघून केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एक बाई गॅस बंद आहे की नाही या विचाराने दिवसाआड कोसळायची. उसळी बसवल्यावर ती शांतपणे गॅसपाशी गेली, बटण बघितलं, "बंद आहे" म्हणाली आणि वाटाणे सोलायला बसली. एक कारकून बेरजेत अडकायचा. त्याची बेरीज जुळली आणि तो घरी गेला.

आईची पाळी आली तेव्हा तिची तब्येत धोक्याच्या रेषेवर होती. कौस्तुभ कुठे आहे, या विचारावर चळत चढायची आणि ती धाडकन पडायची. दर झटक्यात मेंदूचा थोडा भाग जळायचा. "पुढचा नाहीतर त्याच्या पुढचा," इनामदार म्हणाल्या होत्या, "एवढंच सांगू शकते."

पण एक गोष्ट होती, जी केतकीने तेव्हा हिशेबात धरली नाही. प्रत्येक झटक्यानंतर आई दोन दिवस झोपायची आणि उठायची तेव्हा पाटी कोरी झालेली असायची. मग काही दिवस ती अगदी पूर्वीची असायची. वर्तमानपत्र वाचून न्यायाधीशांना नावं ठेवायची. वांग्याचं भरीत करायची. आणि संध्याकाळी केतकी लॅपटॉपवर मान मोडून बसली असली, की मागून येऊन म्हणायची, "केतकी, जेवलीस का?"

केतकी चाळिशीला आली होती. लग्न मोडलं होतं, बंगळुरूची नोकरी सोडून ती साताऱ्याला आली होती. ज्यासाठी आली, ते सगळं या एका प्रश्नात होतं. त्यासाठी तिला आई जिवंत हवी होती.

अशाच एका स्वच्छ दिवसात आईने संमतीपत्र वाचलं. वकील बाई, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. चष्मा काढून म्हणाली, "एक सांग. हा तुझा मुकादम थांबतो कधी?"

"काम संपलं की थांबतो. चिठ्ठी आली नाही की थांबतो."

"आणि काम संपलंच नाही तर?"

"संपतंच गं, आई."

"बरं," म्हणून आईने सही केली. बोकीलबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या साक्षीदाराला इतक्या सहज सोडलं. लेक होती ना.

आता हा प्रश्न केतकीने स्वतःला विचारायला नको होता का? ऑफिसात नवी पोरं काम दाखवायला आली, की तीच पहिल्यांदा विचारायची, "थांबण्याची अट कुठे आहे?" शेवट कुठे, हे ठरल्याशिवाय स्वतःला बोलावणारं काम लिहायचं नाही, हा धडा पहिल्या वर्षाचा. पण या धंद्यात माणसाला एक सवय लागते. चळत कोसळली, की जागा कमी पडली असं धरायचं आणि जागा वाढवायच्या मागे लागायचं. खाली तळच नाही म्हणून तर कोसळत नसेल ना, हे विचारायचं राहून जातं. बाकीच्या पेशंटांच्या प्रश्नांना तळ होता. गॅस बंद असतो किंवा चालू असतो. कौस्तुभ कुठे आहे, याला तळ नव्हता. दरीत दोर सोडून पाहिलेल्या पोरांनाही तो लागला नव्हता.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. झटके थांबले. आई विचारू लागली आणि विचारतच राहिली.

पावसाळा गेला, थंडी आली. उसळीचा आलेख केतकीच्या फोनवर दिसायचा. जागेपणी एकसारखी दातेरी रेघ, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. वैद्यकीयदृष्ट्या इतकी सुंदर रेघ इनामदारांनी पाहिली नव्हती. आईचं वजन वाढलं, रक्तदाब उतरला. भरवलं की जेवायची, झोपवलं की झोपायची. "जेवलीस का" मात्र एकदाही नाही. त्या प्रश्नाची पाळीच येत नव्हती. पुढची चिठ्ठी कायम कौस्तुभची असायची.

"बंद करून टाका," शेवटी केतकी इनामदारांना म्हणाली.

इनामदारांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "केतकी, तिचा मेंदू चळत रचायचं विसरलाय. प्लास्टरमधला पाय बारीक होतो ना, तसं. उसळी बंद केली, तर पहिलाच विचार चढेल आणि पहिल्याच झटक्यात ती जाईल. मी ते करणार नाही. तूही करणार नाहीस."

"मग मुकादमाला आकडा घालून देऊया. इतक्या फेऱ्या झाल्या, की चिठ्ठी फेकून दे."

"त्याला कौस्तुभची चिठ्ठी कोणती आणि पाण्याची तहान कोणती, ते कळतं का?"

"नाही कळत."

"बघ मग."

तरी त्यांनी एक दुपार करून पाहिलं. आशा वाईट असते. केतकी आईला वरणभात भरवत होती आणि इनामदार शेजारी लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. आई म्हणत होती, "कुणाला माहीत असेल? गावातल्या माणसांना. त्यांनी त्याला..." आणि थांबली. केतकीचा जीव भांड्यात पडला. मग तिने पाहिलं, की घास आईच्या तोंडात तसाच आहे. जबडा हलत नव्हता. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. पुढे चावायचं आहे, ही चिठ्ठीसुद्धा मुकादमाने फेकून दिली होती. केतकीने बोट घालून तो घास बाहेर काढला. इनामदारांनी आकडा काढून टाकला, तेव्हा आईने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि विचारलं, "कौस्तुभ आला का गं?"

त्या संध्याकाळी केतकी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला कापूसकोंड्या आठवला.

आपल्याकडे कुठल्या पोराला तो ठाऊक नसतो? कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? सांग. सांग काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? नको. नको काय म्हणतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? गोष्ट नसतेच. तुम्ही द्याल ते उत्तर उचलून तुमच्यापुढे तोच प्रश्न ठेवायचा, एवढाच खेळ. आईचा तर तो हातखंडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवणं झाली, की ती दोघांना घेऊन बसायची. केतकी उत्तरं देत राहायची. चिडायची, गप्प बसायची, तर "गप्प काय बसतेस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" शेवटी रडायची. कौस्तुभ मात्र दोन-तीनदा उत्तर दिलं, की उठायचा, चपला घालायचा आणि फाटकापर्यंत चालत जायचा. मग आई हसत हसत बाल्कनीतून ओरडायची, "हरले रे बाबा, ये वर!"

उठून निघून जाणं हीच त्या खेळाची थांबण्याची अट होती. ती एकट्या कौस्तुभला कळली होती. केतकीला आज पहिल्यांदा त्याचा संताप आला. मग लगेच स्वतःची लाज वाटली आणि ती ओट्याशीच रडली.

पण प्रोग्रॅमर रडून झाल्यावर विचार करतो. प्रश्नाला तळ नाही, तर तळ घालता येईल. आईला एक उत्तर हवं होतं, ज्यानंतर पुढची चिठ्ठी निघत नाही.

"खोटं सांगणार?" इनामदार फोनवर म्हणाल्या.

"हो."

"शैलजाताईंना? त्या साक्षीदाराची सालटं काढायच्या, केतकी."

"म्हणून तर तयारी करतेय."

मग इनामदार म्हणाल्या, "अल्ला करो आणि जमो. मला दुसरं काही सुचत नाहीये."

केतकीने आठवडाभर स्वतःचीच उलटतपासणी घेतली. रविवारी सकाळी आईला न्हाऊमाखू घातलं, वेणी घातली, खुर्चीत बसवलं आणि समोर स्टुलावर बसली.

"कौस्तुभ आला का गं?"

"आई, कौस्तुभ गेला."

"कुठे गेला?"

"वारला तो. कड्यावरून पडला."

आईची मान थोडी तिरकी झाली. साक्षीदाराने नवीन काही सांगितलं, की व्हायची तशी.

"तू पाहिलंस?"

"पडताना नाही. नंतर पाहिलं. कोकणच्या बाजूला नदीत सापडला. मला फोन आला."

"कुणाचा?"

"पोलिसांचा. खालच्या ठाण्यातून."

"मी कुठे होते?"

"दवाखान्यात. तुला ताप होता. तू कुणाला ओळखत नव्हतीस."

"इतक्या महिन्यांनी सापडलेला देह. कशावरून ओळखलास?"

"डाव्या कोपरात सळई होती. सायकलवरून पडला होता तेव्हा घातलेली. आणि डीएनए जुळला. माझं रक्त घेतलं होतं."

"पंचनाम्यावर सही कुणाची?"

"माझी. आणि तिथल्या पोलीस पाटलाची."

"अग्नी कुणी दिला?"

हा प्रश्न केतकीने तयारीत धरला होता. "मी दिला," ती म्हणाली. "तिथेच, नदीकाठी. पाऊस होता. लाकडं ओली होती, पेटायला वेळ लागला."

हे शेवटचं तिने ठरवलं नव्हतं. ते आपसूक तोंडात आलं आणि बहुधा त्यानेच काम केलं. खोटं बोलणारा माणूस ओल्या लाकडांपर्यंत पोचत नाही, हे बोकीलबाईंना इतक्या वर्षांच्या वकिलीने शिकवलं होतं.

आई बराच वेळ लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. तिचा खालचा ओठ आधी हलला, मग सगळा चेहरा गोळा झाला.

"गेलं का गं माझं पोरगं?" ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. केतकीने तिला मिठीत घेतलं आणि आई रडली. चार वर्षांचं रडणं होतं ते. त्यात केतकीही रडली. आपण खोटं रडतोय की खरं, हे तिला उमगलं नाही. कौस्तुभ खरोखरच गेला असणार. फक्त ते कुणी पाहिलं नव्हतं.

फोनवरची दातेरी रेघ सपाट झाली होती. मुकादमाकडे चिठ्ठी नव्हती.

दुपारी आई स्वतःहून झोपली. उठल्यावर स्वतःहून तोंड धुतलं. देवाजवळच्या कौस्तुभच्या फोटोला हार घालायला सांगितला आणि केतकीने आणलेली शेवंती पाहून म्हणाली, "शिळी दिली फुलवाल्याने तुला." संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, डब्यांची झाकणं उघडून बघितली आणि वळली.

"केतकी, जेवलीस का?"

केतकीने नुसती नकारार्थी मान हलवली. आईने तिला पिठलं करून घातलं, वर कच्चं तेल घातलं आणि समोर बसून ती जेवून होईपर्यंत बघत राहिली. केतकीने इनामदारांना फोन केला. "जमलं," एवढंच ती म्हणू शकली.

सकाळी केतकी उठली तेव्हा आई आधीच खुर्चीत बसली होती. चहा पुढ्यात होता आणि त्यावर साय होती.

"तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

केतकी स्टुलावर बसली. "तुला ताप होता, आई."

"ताप होता म्हणतेस. ताप उतरला, मग का नाही सांगितलंस?"

"झटके यायचे तुला. सहन झालं नसतं."

"सहन झालं नसतं म्हणतेस. काल सहन झालं. मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"घाबरले मी."

"घाबरलीस म्हणतेस. मी तुझी आई. आईला का नाही सांगितलंस?"

आवाज तसाच, साधा. केतकीने हळूच फोन उचलला. दातेरी रेघ परत आली होती. कुठे उंच नाही, कुठे खोल नाही.

तिला सगळं एकदम दिसलं आणि दिसून उपयोग नव्हता. तिने कौस्तुभच्या प्रश्नाला तळ घातला होता, पण तो तळ खोटा होता आणि खोट्याच्या खाली काही नसतं. का नाही सांगितलंस, याचं खरं उत्तर एकच होतं. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ते बोललं, की कौस्तुभ पुन्हा हरवणार आणि आई पुन्हा पहिला प्रश्न उचलणार. नाही बोललं, तर हा प्रश्न आहेच. शिवाय दुसऱ्यांदा तळ घालायला गेलं, तरी कोणती साक्ष आई मानेल? एकदा काही लपवलेल्या साक्षीदाराला बोकीलबाईंनी कधी पुन्हा खरं धरलं नव्हतं.

"मला माफ कर," केतकी म्हणाली. मनापासून म्हणाली.

"माफ कर म्हणतेस. तेव्हा का नाही सांगितलंस?"

महिने गेले. इनामदार येत, आलेख बघत, पाठीवर हात ठेवत आणि जात. आईची तब्येत उत्तम होती. अजून वीस वर्षं सहज काढेल, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि मग सांगितल्याचं त्यांनाच वाईट वाटलं. पूर्वी विचारताना आई बाल्कनीतून रस्त्याकडे बघत असे. आता ती केतकीकडे बघायची, अगदी डोळ्यांत बघून, नाव घेऊन विचारायची. आईने आपल्याकडे बघावं, म्हणून केतकीने सगळं केलं होतं.

एका संध्याकाळी केतकी उठली. दाराशी जाऊन तिने चपला पायात घातल्या. जिना उतरली, फाटकापर्यंत गेली. शिंदेकाकू झाडांना पाणी घालत होत्या, त्यांनी विचारलं, "कुठे निघालीस गं?" केतकी फाटकाची कडी धरून उभी राहिली आणि वर बाल्कनीकडे बघत कान देऊन थांबली. आई दिसत होती. हसत हसत कुणी ओरडणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, तरी ती थांबली. वरून त्याच साध्या सुरात प्रश्न चालू होता, रिकाम्या स्टुलाला.

ती वर आली. चपला काढल्या, स्टूल पुढे ओढलं आणि बसली.

"सांगते, आई," ती म्हणाली.

"सांगते काय म्हणतेस, केतकी. तेव्हा का नाही सांगितलंस?"